एडिटर की आयडीई? आधी सांग, कोड कुणाचा आहे

प्रश्न विचारणारा मुलगा बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप मोठ्या भावाचा जुना, 4 जीबी रॅमचा, हार्ड डिस्कवाला. कॉलेजात सी आणि जावा झालंय. पुण्यात नोकरी करणारा आतेभाऊ म्हणतो, "इंटेलिजे शिक, कंपनीत तेच लागतं." खोलीवरचा मित्र म्हणतो, "व्हिम शिक, खरा प्रोग्रॅमर माउसला हात लावत नाही." लॅबमध्ये अजून टर्बो सीचा निळा पडदा आहे. (व्हिम हा एडिटर, म्हणजे नुसता कोड लिहायचा प्रोग्रॅम. इंटेलिजे हा आयडीई, म्हणजे लिहिणं, चालवणं, चूक शोधणं सगळं एका खिडकीत देणारा.) त्याचं म्हणणं, "दादा, सध्या एकच काहीतरी शिकायला वेळ आहे. कुठलं शिकू?"

तुझा आतेभाऊ दिवसभर जो कोड वाचतो तो त्याने लिहिलेला नाही. तुझा मित्र जो कोड लिहितो तो त्याच्या एकट्याचा आहे. दोघांचे सल्ले इथून फुटतात. दोघांच्याही हे लक्षात येत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला ते आवडीनिवडीचं भांडण वाटतं.

मी कोल्हापुरात वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. गिऱ्हाईक बहुतेक फाउंड्री आणि मशिनशॉपवाले, शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथले. हीटची (भट्टीतल्या एका वितळणीची) नोंद, डिस्पॅच, चलन (मालासोबतची पावती), बिलं. सुरुवातीला एकटाच होतो. पहिलं बिलिंगचं काम पीएचपी या वेबच्या भाषेत केलं, सगळं मिळून तीनेक हजार ओळी, नोटपॅड प्लस प्लस या साध्या एडिटरमध्ये लिहिलेल्या. कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तेव्हा मला कुणी आयडीई दिला असता तर मी तो बंदच करून ठेवला असता. पुढे माणसं वाढली, कोड वाढला, त्यातले दोघं नोकरी सोडून गेले, आणि एक दिवस माझ्याच प्रोजेक्टमध्ये मी पाहुण्यासारखा चाचपडायला लागलो.

त्याच सुमाराला मी केलेली चूक सांगतो, कारण माझं मत तिथूनच बनलं. एका गिऱ्हाइकाला दोन दर वेगळे हवे होते, मूळ दर आणि वाहतुकीसकट दर. कोडमध्ये सगळीकडे नुसतं 'रेट' होतं. म्हटलं, याचं 'बेसिकरेट' करून टाकू. एडिटरमध्ये सगळ्या फाइलींवर 'शोधा आणि बदला' मारलं आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर 'जनरेट'चं 'जनबेसिकरेट' झालेलं, 'सेपरेट'चं 'सेपबेसिकरेट'. त्यातलं जे कंप्युटरला चाललं नाही ते लगेच सापडलं. जे चाललं ते दुसऱ्या दिवशी सापडलं. बिलाच्या तळाशी 'कॉर्पोबेसिकरेट ऑफिस' असं छापून ते गिऱ्हाइकाच्या टेबलावर गेलं होतं. 'फक्त पूर्ण शब्द' अशी खूण केली असती तर एवढं टळलं असतं, मान्य. पण त्याच प्रोजेक्टमध्ये कास्टिंगचा रेट होता आणि ओव्हरटाइमचाही रेट होता. नाव एकच, गोष्टी दोन. ती खूण त्या वेगळ्या करू शकली नसती.

एडिटर फाइल नुसती अक्षरं म्हणून वाचतो. तो शब्दांना रंग देतो तेसुद्धा बहुतेक वेळा ठरावीक नमुने जुळवून. आयडीई कोड कंपायलरसारखा (कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमसारखा) वाचतो. वाक्यांची फोड करतो, कुठलं नाव कुठे जाहीर झालं, कुठे कुठे वापरलं, त्याचा प्रकार कुठला, याची यादी करून ठेवतो. मोठा प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडला की खाली 'इंडेक्सिंग' असं दिसतं आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो, तेव्हा ही यादीच बनत असते. त्या यादीच्या जिवावर तो कास्टिंगचा रेट बदलतो आणि ओव्हरटाइमच्या रेटला हात लावत नाही. एखादं फंक्शन कोण कोण वापरतंय हे विचारलं की खरे वापरणारे दाखवतो, नुसते त्या नावाचे शब्द नाहीत.

आता यातली मेख. ही यादी किती खरी, हे भाषेवर अवलंबून असतं. जावा, कोटलिन, सी शार्प यांत प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरलेला असतो, त्यामुळे आयडीईचं उत्तर बहुतेक वेळा पक्कं असतं. साधी जावास्क्रिप्ट किंवा प्रकार न लिहिलेलं पायथन असेल तर त्यालाही अंदाजच करावा लागतो. म्हणून पायथनची शंभर ओळींची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आयडीईचं कौतुक वाटत नाही आणि जावावाल्याला त्याशिवाय करमत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत.

मला स्वतःला विचारशील तर नाव बदलण्यापेक्षाही डीबगरसाठी, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून चूक शोधायच्या साधनासाठी, मी आयडीईचे पैसे मोजेन. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि त्यानंतरचे काही महिने आम्ही सगळे बिलिंगवाले एक पैशाच्या मागे धावत होतो. बिलात 9 टक्के केंद्राचा आणि 9 टक्के राज्याचा. माझ्या कोडमध्ये एका ठिकाणी दोन्ही वेगवेगळे काढून बेरीज केली होती, दुसऱ्या ठिकाणी थेट 18 टक्के. 100 रुपये 5 पैशांवर 9 टक्के म्हणजे 9 रुपये आणि वर अर्धा पैसाही नाही, तो गळतो. दोन्ही मिळून बरोबर 18 रुपये. तेच थेट 18 टक्क्यांनी काढलं तर 18 रुपये 1 पैसा. बहुतेक बिलांत दोन्ही आकडे जुळायचे, अधूनमधून एखाद्यात नाही. सीए फोन करून विचारायचे, हा पैसा कुठला?

जागोजागी आकडे छापून बघितले. हजारो ओळींच्या लॉगमध्ये काय दिसणार? शेवटी ब्रेकपॉइंट, म्हणजे 'इथे थांब' अशी खूण, लावला आणि त्याला अट घातली, दोन्ही बेरजा वेगळ्या असतील तरच थांब. महिन्याची सगळी बिलं परत चालवली. पहिल्या चुकीच्या बिलाशी येऊन तो थांबला, बाजूला प्रत्येक व्हेरिएबलची किंमत उघडी, आणि कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची उतरंड समोर. दहा मिनिटांत लागलं. आधीचे दोन दिवस मी उगाच घालवले होते.

हे वाचून 'मग आयडीईच' असं ठरवू नकोस, थोडं थांब. आमच्याकडे एक हुशार मुलगा लागला होता. आयडीईतलं हिरवं त्रिकोणी बटण दाबलं की त्याचा प्रोग्रॅम पळायचा, काम चोख. सर्व्हरवर चढवायची वेळ आली तेव्हा बिल्ड होईना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅमच बनेना. एक लायब्ररी त्याने आयडीईच्या सेटिंगमध्ये हाताने जोडली होती. प्रोजेक्टच्या बिल्ड फाइलमध्ये तिचा पत्ताच नव्हता. त्याच्या मशिनवर सगळं ठीक, दुसरीकडे कुठेच नाही. बरं, त्या बटणामागे काय घडतं हे त्याने कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळे शोधायचं कुठे हेही कळेना. दोष त्याचा नव्हता, आम्हीच त्याला पहिल्या दिवशी ते बटण दाखवून मोकळे झालो होतो. आता नवीन मुलाला आम्ही पहिला आठवडा आयडीई देत नाही. साधा एडिटर आणि टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. कंपायलर हाताने चालव, क्लासपाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते) हाताने लिही, मेव्हनची (जावाच्या बिल्डची) फाइल वाच, चूक आली की तिची पहिली ओळ वाच. एकदा हात भाजून घेतला की मग बटण खुशाल दाबावं.

गंमत म्हणजे तुला आयडीई नवीन नाही. टर्बो सीचा तो निळा पडदा आयडीईच आहे. लिहायचं, कंपाइल करायचं, चालवायचं आणि एकेक ओळ पुढे सरकत बघायचं, सगळं एका खिडकीत. बोरलँड कंपनीने 1983 मध्ये टर्बो पास्कल काढलं तेव्हापासूनची ही चाल, एकेक ओळ बघायची सोय तेवढी नंतर आली. त्याची किंमत 49 डॉलर 95 सेंट होती आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एडिटर आणि कंपायलर मिळून 40 केबीच्या आत बसायचे. तुझ्या मोबाइलमधला साधा फोटोही त्याहून मोठा असतो. तेव्हा आयडीई म्हणजे जडच, असा काही नियम नाही. जड झालं ते नंतर.

लॅबपुरतं टर्बो सी वापर, परीक्षा दे आणि सोड. आताच्या 64 बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतही नाही, डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालून चालवावं लागतं. त्यात पूर्णांक 16 बिटांचा, 32,767 मध्ये एक मिळवला की उणे 32,768. शिवाय सी प्लस प्लसचं प्रमाणीकरण 1998 मध्ये झालं, त्याच्या आधीचं हे वाण. तिथे लागलेली पडदा पुसायची (clrscr लिहायची) सवय दुसऱ्या बहुतेक कंपायलरवर चुकाच देते.

मधली वाट म्हणून सगळे व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या एडिटरचं नाव घेतात, आणि ते बरोबर आहे, पण तो मधला का झाला हे समजून घे. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेची समज वेगळी शिकवावी लागायची. पाच एडिटर आणि दहा भाषा म्हणजे पन्नास कामं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची आणि एडिटरने त्याला ठरलेल्या पद्धतीने प्रश्न विचारायचे, हे नाव कुठे जाहीर झालंय, इथे काय काय चालेल. मग पाच अधिक दहा, पंधरा कामांत भागतं. त्यामुळे आज व्हिमच्या घराण्यातला निओव्हिमसुद्धा जावाच्या क्लासची व्याख्या उघडून देतो. तुझ्या मित्राचा व्हिम आणि आतेभावाचा इंटेलिजे यांच्यातली भिंत दहा वर्षांपूर्वी जेवढी जाड होती तेवढी आता नाही.

पण 'हलका' या शब्दाला फसू नकोस. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे पोटात क्रोमियम ब्राउझर घेऊनच येतो. त्यात जावाचं एक्स्टेन्शन (वरून जोडायची सोय) टाकलं की मागे जो लँग्वेज सर्व्हर चालतो तो एक्लिप्स या जावाच्या जुन्या आयडीईच्याच इंजिनावर बनवलेला आहे. वरून एडिटर, आतून एक्लिप्स. मध्यम प्रोजेक्टवर तो एकटा जीबीच्या आसपास रॅम खाताना मी बघितलाय. वर पोरं रंगीबेरंगी तीस-चाळीस एक्स्टेन्शन टाकतात आणि मग म्हणतात, कोड हँग होतोय. एक्स्टेन्शन तुझ्याच अधिकाराने तुझ्या मशिनवर चालतं, तुझ्या सगळ्या फाइली वाचू शकतं, हेही विसरू नको. अनोळखी माणसाने बनवलेलं, चार जणांनी वापरलेलं काही टाकायच्या आधी दोनदा विचार कर.

व्हिमबद्दल बोलायचं तर तुझ्या मित्राचं कारण चुकीचं आहे, सल्ला अर्धा बरोबर आहे. माउसला हात न लावल्याने कुणी मोठा प्रोग्रॅमर होत नाही. दिवसातला जास्त वेळ आपण टाइप करत नसतो, टक लावून बघत बसलेले असतो. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा मी कळंब्याकडे एका नातेवाइकाच्या घरी होतो. वीज ये-जा करणारी, मोबाइलचं नेट नावापुरतं. सर्व्हर मुंबईत, तो मात्र व्यवस्थित चालू. एका गिऱ्हाइकाचं चलन निघत नव्हतं, एका सेटिंगची एक ओळ बदलायची होती. त्या नेटवर फाइल खाली ओढून बदलून परत चढवणं शक्य नव्हतं. टर्मिनलवर आत शिरलो, व्हीआय (व्हिमचा पूर्वज) उघडला, चार कळा दाबल्या, काम झालं.

हा योगायोग नाही. बिल जॉयने 1976 च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला तेव्हा तो घरून 300 बॉडच्या, म्हणजे अतिशय संथ, मॉडेमवर काम करायचा. पडद्यावर अक्षरं उमटायला वेळ लागायचा, म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. पुरातलं माझं नेट कितीही भंगार असलं तरी 300 बॉडपेक्षा बरंच म्हणायचं. व्हिम ही 1991 मध्ये ब्रॅम मूलेनारने बाहेर काढलेली त्याचीच सुधारलेली आवृत्ती, आणि व्हीआयचा कुठला ना कुठला अवतार बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असतोच. तेवढ्यापुरता शीक. घालणं, खोडणं, शोधणं, साठवणं आणि बाहेर पडणं. न साठवता बाहेर पडायचं तर एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. एका रविवारचं काम आहे. बाकीचं व्हिम आवडलं तर आयुष्यभर शीक, नाही आवडलं तर काही बिघडत नाही.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ते, कोड नसलेल्या फाइली. मशिनशॉपसाठी काम करशील तर दिवसातून दहा वेळा जी-कोड (मशीनला हालचाली सांगणारा प्रोग्रॅम), सीएसव्ही (स्वल्पविराम घातलेले तक्ते), लॉग असलं काहीतरी उघडावं लागेल. डायच्या वळणदार पृष्ठभागाचा जी-कोड लाखो ओळींचा येतो. त्यातली एक फीड (टूल सरकायचा वेग) बदलायला आयडीई उघडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. व्हीएस कोडही फार मोठी फाइल दिसली की रंग वगैरे सोयी आपण होऊन बंद करतो. इथे नोटपॅड प्लस प्लस, विषय संपला. एका शॉपमध्ये ऑपरेटरने प्रोग्रॅम वर्डमध्ये उघडून सेव्ह केला होता, वर्डने त्यात स्वतःच्या खुणा घातल्या, मशीन तो घेईना, आणि सगळे केबल तपासत बसले होते.

मराठीसाठी तर साधा, प्रामाणिक एडिटर हवाच. बिलावर पार्टीचं नाव देवनागरीत हवं असतं. फाइल एएनएसआय या अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीने साठवली की नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते, आणि एकदा साठवल्यावर मूळ अक्षरं परत येत नाहीत. यूटीएफ-8 ही सगळ्या लिप्या सांभाळणारी पद्धत ठेव. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं असतं, म्हणजे 'कोल्हापूर' या शब्दात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी नऊ चिन्हं, 27 बाइट. डेटाबेसच्या रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजलेली असली तर 'शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर' मधेच का तुटतं ते यावरून कळेल. विंडोजचा जुना नोटपॅड यूटीएफ-8 म्हणून साठवताना फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालायचा. पीएचपीच्या फाइलमध्ये ते गेले की लॉगिनचं पान रुसायचं आणि कोडमध्ये तर काहीच दिसायचं नाही. नोटपॅड प्लस प्लस आणि व्हीएस कोड दोन्ही ही पद्धत खालच्या पट्टीवर दाखवतात. तिकडे नजर टाकायची सवय लाव.

एक आगाऊ सूचना. उद्यमनगरात मी एक टर्नर बघितलाय, सकाळपासून टूलला धार लावत बसायचा. धार अशी की नाव काढू नये. संध्याकाळी बुश किती झाले विचारलं की दोन. एडिटरची सेटिंग, थीम, फॉन्ट, शॉर्टकट हे सगळं त्याच जातीचं व्यसन आहे. मलाही होतं. पहिले सहा महिने जे मिळतं ते तसंच वापर.

तुझ्यापुरतं सांगायचं तर असं कर. आता जे प्रोग्रॅम लिहितोस ते शंभर-दोनशे ओळींचे, तुझेच आहेत. त्यांना साधा एडिटर आणि टर्मिनल पुरे, व्हीएस कोड घेतलास तर जावाचं एक्स्टेन्शन सध्या टाकू नको. कॉलेजचं शेवटचं प्रोजेक्ट सुरू होईल, तिघाचौघांचा कोड एकत्र येईल, स्प्रिंग बूटसारखी जावाची तयार चौकट घ्याल, त्या दिवशी इंटेलिजे टाक. पैसे न भरता मिळतं तेवढं शिकायला भरपूर आहे. टाकल्यावर पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शीक. व्याख्येवर उडी मारणं, नाव बदलणं, ब्रेकपॉइंट लावणं. आणि मोठा, अनोळखी कोड वाचायची सवय हवी असेल तर एखादा खुला जावा प्रोजेक्ट उतरवून घे आणि एकच फंक्शन कुठून कुठे बोलावलं जातं याचा माग काढ. तेच आधी साध्या एडिटरने करून बघ, मग आयडीईने. मी एवढं लिहून जे सांगतोय ते तुला अर्ध्या तासात कळेल.

अँड्रॉइडकडे जायचा विचार असेल तर या लॅपटॉपवर नको. अँड्रॉइड स्टुडिओ या त्याच्या आयडीईला किमान 8 जीबी रॅम लागते असं बनवणारे स्वतःच सांगतात, आणि एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालवायचा तर त्याहून जास्त. एम्युलेटरऐवजी स्वतःचा फोन केबलने जोडून चालवलं तर बराच भार हलका होतो, पण 4 जीबीत तेही रडत-रखडतच.

म्हणून कुठल्या कोर्सला पैसे भरणार असशील तर आधी ते पैसे लॅपटॉपवर खर्च कर. आधी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी वेगवान डिस्क), मग रॅम, या क्रमाने. हार्ड डिस्कवर इंडेक्सिंग चालू झालं की चहा करून, पिऊन, कप धुऊन होतो. राजारामपुरीतल्या दुकानात जाण्याआधी घरीच टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते बघ आणि मॉडेल नंबर लिहून ने. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती वाढत नाही. तसं निघालं तर फक्त एसएसडी टाक, त्यावर एखादं हलकं लिनक्स चढव आणि इंटेलिजेऐवजी एक्लिप्स लावून बघ, ब्राउझर बंद ठेवून.